पलीकडचा वेढा

आमच्या घरात माश्या बांधणाऱ्या दोघी आहेत. एक माझी आत्या, दुसरी मी. बाबा बांधत नाहीत, ते फक्त विनोद करतात. कोणी विचारलं, "ताई काय करतात हल्ली?" की तोंड अगदी गंभीर ठेवून सांगतात, "ती आणि माझी मुलगी, दोघी दिवसभर माश्या मारतात."

"मारत नाही, बांधतो," आत्या म्हणते. हा संवाद मी जन्मल्यापासून ऐकते आहे.

तर माशी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण शाळेत हे सांगताना माझा अर्धा डबा खायचा राहतो. ही माशी खरी नसते. नखाएवढ्या गळावर दोरा, बारीक तार आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून बनवलेली असते. गळ टाकून तासन्‌तास बसणारे लोक वेगळे. फ्लाय रॉडवाले, म्हणजे लवचिक काठीवाले, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि लांब दोरी हवेत मागे टाकतात, क्षणभर थांबतात, मग पुढे सोडतात. दोरीच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद बसते. ट्राउट माशाला वाटतं, किडा बसला. तो वर येतो आणि फसतो. मग त्याला सोडून द्यायचं. "मग पकडायचाच कशाला?" असं माझ्या वर्गातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी विचारलं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आत्याकडे आहे, पण ते फार मोठं आहे.

आत्याचं दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत रॉड उभे करून ठेवलेले, खाली रबरी बुटांची रांग, आणि काउंटरवर काचेचं झाकण असलेला लाकडी ट्रे. त्यात चोवीस कप्पे. प्रत्येक कप्प्यात एका जातीच्या माश्या, सगळ्या आत्याच्या हातच्या. मागच्या खोलीत खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर दोन व्हाइस. व्हाइस म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा, पकडीसारखा स्टँड. एक आत्याचा, एक माझा. मधे दिवा आणि मोठं भिंग. सगळीकडे वार्निशचा वास.

मला त्या ट्रेमध्ये माझी माशी हवी होती. बस. एवढंच. दोन वर्षं मी त्याच्यामागे होते.

आत्याचा नियम साधा होता: एकाच जातीच्या तीस माश्या बांधायच्या, तीसही एकमेकींसारख्या दिसल्या पाहिजेत, मग बघू. मी तीस बांधल्या की ती भिंगाखाली एकेक धरायची, "हं" म्हणायची, आणि पातं घेऊन गळावरचं सगळं खरवडून टाकायची. माझा अख्खा रविवार टेबलावर पिसांच्या भुशासारखा पडलेला असायचा. गळ मात्र ती परत डबीत ठेवायची.

"अजून नाही," ती म्हणायची.

"पण चूक काय आहे?"

"चूक नाही. तीस नाहीत. एकोणतीस आहेत आणि एक वेगळी आहे."

"कुठली?"

"ते तुला कळलं की तीस झाल्या."

असली उत्तरं देणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी बाबांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, "लहानपणी मी चेंडू मागितला तरी ती हेच सांगायची, अजून नाही."

मोसम सुरू व्हायला दहा-बारा दिवस होते. नदीवर मासेमारी वर्षातून ठरावीक महिनेच चालते. यंदा नदी पुढच्या आठवड्यात गुरुवारी उघडणार होती. त्याआधी आत्याने रॉडची कॉर्कची मूठ तासताना उजव्या हाताच्या अंगठ्यावर पातं मारून घेतलं. चार टाके पडले. डॉक्टरांनी सांगितलं, दहा दिवस अंगठा वापरायचा नाही.

"दहा दिवस?" आत्या म्हणाली. "दहा दिवसांनी मी काय माश्या मारत बसू?" मग स्वतःच हसली, कारण बाबा तिथे नव्हते.

नेमकी त्याच आठवड्यात गाईडकाकांची ऑर्डर आली. गाईडकाका म्हणजे बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना नदीवर घेऊन जाणारे. रापलेला चेहरा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, आणि बोलताना हात सतत दोरी फेकल्यासारखा हलतो. त्यांना तीन डझन 'राखाडी' हव्या होत्या. राखाडी ही आमची सगळ्यांत खपणारी माशी. बारीक राखाडी अंग, त्यावर तारेचे तिरपे वेढे, आणि मानेभोवती फुललेलं पीस. ते पीसच तिला पाण्यावर तरंगत ठेवतं.

आत्याने उपाय काढला. दोऱ्याचं रीळ तळहातात धरून वेढे घालायला अंगठा लागत नाही. शेवटची गाठ बांधायला मात्र लागतो. तेव्हा अंग, तार, पीस तिने करायचं, आणि मानेपाशी शेवटची गाठ मी बांधायची. दोरा सुटू नये म्हणून छोटी चिमटी लावून ती माशी मला द्यायची. मी ती माझ्या व्हाइसमध्ये लावायची, गाठ बांधायची, वर वार्निशचा थेंब.

"गाठ म्हणजे सगळं असतं हं, भिंगरे," ती म्हणाली. घरात मला भिंगरी म्हणतात. कारण सांगायची गरज नाही, मला बघितलं की कळतं. "बाकी सगळं दिसायला. गाठ टिकायला."

मी डावखुरी आहे. हे आत्ता सांगायला हवं. आत्याने मला माशी बांधायला शिकवलं तेव्हा शेजारी बसवून हात गुंतायला लागले, म्हणून तिने मला समोर बसवलं. ती उजव्या हाताने करायची, मी आरशातल्यासारखं डाव्या हाताने. तिच्या गळाचं तोंड उजवीकडे, माझ्या गळाचं डावीकडे. तिचा एकच मंत्र होता: "वेढा नेहमी आपल्यापासून पलीकडे." मी तो पाठ केला होता. पाढे विसरेन, हे नाही.

आम्ही चार संध्याकाळी बसलो. ती वेढे घालायची, मी गाठी मारायचे. आमचा वेग इतका मस्त जमला होता की मध्येच आत्याने गाणंसुद्धा गुणगुणलं, जे ती कधीच करत नाही, आणि करत नाही तेच बरं. शेवटच्या संध्याकाळी मोजल्या तर तीसच झाल्या होत्या. सहा कमी. आत्या जेवायला आत गेली होती, अंगठा ठणकत होता म्हणून लवकर झोपणार होती.

आणि मी एक गोष्ट केली. मी सहा माश्या स्वतः बांधल्या, पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत, आणि त्या तीसमध्ये मिसळून टाकल्या. आत्याला सांगितलं, "छत्तीस झाल्या."

मला वाटलं होतं, गाईडकाका येतील, म्हणतील, "ताई, काय माश्या आहेत!" आणि मग मी म्हणेन, "त्यातल्या सहा माझ्या." मी मनातल्या मनात हे वाक्य तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं होतं.

गाईडकाका शनिवारी डबी घेऊन गेले. नदी बंद होती, पण तलाव वर्षभर उघडा असतो. रविवारी ते दोन पाहुण्यांना सरावासाठी तिथे घेऊन गेले आणि संध्याकाळी थेट दुकानात आले. बूट न काढता. हे वाईट लक्षण होतं. ते नेहमी दारात बूट काढतात.

"ताई," ते म्हणाले आणि डबी काउंटरवर ठेवली. "रागावू नका."

"आधी सांगा, मग ठरवते."

त्यांनी डबी उघडली. आत नऊ माश्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यातल्या सात जणींची पिसं मानेपासून सुटून लोंबत होती.

"मासा लागला की झालं. पायजम्याची नाडी सुटावी तसं. पाहुण्यांनी दोरी टाकली, मासा आला, झटका बसला, माशी आली ती अशी. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा पाहुणा मला म्हणतो, तुमच्या माश्या कपडे काढून पोहतात का?"

एरवी मी हसले असते.

"माशी कुठे शिंकली ते बघते," आत्या म्हणाली. तिने चष्मा वर केला. "गाठ."

गाठ. गाठी माझ्या होत्या. छत्तीसच्या छत्तीस.

"मी म्हणतो," गाईडकाका दुसरीकडे बघत म्हणाले, "गुरुवारसाठी मी पाकिटातल्या घेतो. मशीनवरच्या. तुमचा अंगठा बरा झाला की पुन्हा आहेच की मी."

आत्याने डबी स्वतःकडे ओढली. तिच्या दुकानातून गाईडकाकांनी कधी पाकिटातल्या माश्या घेतल्या नव्हत्या. आमच्याकडे पाकिटातल्या माश्या नाहीतच. म्हणजे ते दुसऱ्या दुकानात जाणार.

"सात सुटल्या," आत्या म्हणाली. "दोन नाही सुटल्या."

"दोन नाही."

"त्या दोघींना किती मासे?"

"एकीला चार. दुसरीला सहा की सात. तिचं पीस चावून चावून अर्धं झालंय, पण सुटलं नाही."

आत्याने त्या दोन माश्या मागच्या खोलीत आणल्या, माझ्या व्हाइसमध्ये एकेक लावल्या आणि भिंग ओढलं. गाईडकाका आणि मी मागे उभे. बराच वेळ गेला. मग तिने सुटलेल्यांपैकी एक लावली. पुन्हा पहिली. पुन्हा सुटलेली.

"भिंगरे, इकडे ये."

मी गेले.

"या सुटलेलीच्या तारेकडे बघ. हिची तार कुठल्या बाजूला तिरपी आहे?"

"डावीकडून वर."

"आणि या टिकलेलीची?"

"उजवीकडून वर."

"मी आयुष्यात कधी या बाजूची तार घातलेली नाही," आत्या म्हणाली. ती माझ्याकडे वळली नाही. भिंगात बघतच म्हणाली. "कोणी बांधली?"

माझ्या तोंडून आवाज आला तो तीनपैकी एकही नव्हता. "मी. सहा कमी पडत होत्या."

"विचारलं होतंस?"

"नाही."

गाईडकाकांनी खोकला काढला, जो त्यांना आलेला नव्हता.

मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, "बस. माझ्या अर्धवट माशीला गाठ बांध. हळू. मला बघू दे."

तिच्या व्हाइसमध्ये एक अर्धी माशी होती, चिमटी लावलेली. मी ती काढली, माझ्या व्हाइसमध्ये लावली, तोंड डावीकडे. चिमटी काढली. दोरा घेतला आणि पहिला वेढा घातला.

"थांब. कुठे फिरवतेस?"

"पलीकडे. आपल्यापासून पलीकडे. तूच शिकवलंयस."

"मीही पलीकडेच फिरवते."

"मग?"

आत्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली, जिथे बसून तिने मला शिकवलं होतं, आणि खाली वाकून माझ्या माशीकडे समोरून बघितलं. मग पुन्हा माझ्या बाजूला आली. मग पुन्हा समोर. गाईडकाका म्हणाले, "ताई, चक्कर येईल."

"भिंगरे," आत्या म्हणाली, "ही माशी माझ्याकडून घेतलीस तेव्हा तू तिचं तोंड फिरवलंस. उजवीकडचं डावीकडे केलंस."

"हो. मला तसंच जमतं."

"म्हणजे माझं पलीकडे ते तुझं अलीकडे झालं. आणि तू त्यावर पलीकडे फिरवते आहेस."

मी दोऱ्याकडे पाहिलं. मी वेढा घालत होते असं मला वाटत होतं. पण मी एक वेढा घातला की आत्याचा एक वेढा उलगडत होता. चार घातले, चार गेले. मग कुठे माझी गाठ बसत होती, पण उघड्या पिसावर, आणि वरून वार्निशचा चकचकीत थेंब. कोरड्या हाताने ओढलं तर सुटायची नाही. पाण्यात भिजून मासा लागला की संपलं.

"चार दिवस," आत्या म्हणाली, "मी विणत होते आणि तू उसवत होतीस." आणि ती हसायला लागली. अंगठा सांभाळत, पोट धरून. "आणि मी वर गाणं म्हणत होते!"

गाईडकाका हसले. मीही हसले, पण अर्धंच, कारण त्यातलं अर्धं मला रडूसारखं वाटत होतं.

"म्हणजे हिच्या एकटीच्या टिकल्या," गाईडकाका म्हणाले, "कारण त्या सगळ्या एकाच बाजूच्या."

"हो."

"बरं. पण ताई, मला गुरुवारी सकाळी तीन डझन हव्यात. तुमचा अंगठा असा. मी काही डावं-उजवं करणारा माणूस नाही, पण पाहुण्यांसमोर पुन्हा..."

"बुधवारी संध्याकाळी न्या. ती बांधेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला विचारत नव्हते, पण वाट बघत होते.

"बांधते," मी म्हणाले.

"नाही टिकल्या तर?" गाईडकाकांनी विचारलं.

"तर पाकिटातल्या घ्या आणि मला तोंडावर सांगा," आत्या म्हणाली. "तिला नाही, मला. दुकान माझं आहे."

ते गेल्यावर तिने दार लावलं आणि मग बोलली. आवाज न चढवता, जे जास्त वाईट असतं.

"माशी चांगली होती. मिसळलीस ते चांगलं नव्हतं. उद्या कोणाचा आयुष्यातला मोठा मासा सुटला तर त्याला कळायला नको, कोणाला शिव्या द्यायच्या?"

"मला द्यायच्या."

"कसं कळेल तुला द्यायच्या? माझ्या ट्रेमधली माशी म्हणजे माझं नाव. तू माझ्या नावात शिरलीस. पुढच्या दाराने ये."

मी न सांगता टेबल पुसलं, आणि मी न सांगता काही पुसणं ही घरात बातमी असते. बाबांनी जेवताना दोनदा विचारलं, "ताप आहे का?"

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी मी शाळेतून आले की टेबलाशी. आत्या समोर बसली नाही. शेजारी बसली, माझ्या उजव्या हाताला, आणि पिसं निवडून द्यायची. पिसाचा एकेक केस किती लांब, कडक आहे की मऊ, हे ती ओठांवर फिरवून सांगते. मऊ पीस पाणी पितं आणि बुडतं. मीही ओठांवर फिरवून बघायला लागले. गुदगुल्या होतात, बाकी काही कळत नाही. तिसऱ्या दिवशी थोडं कळलं.

एक गंमत झाली. तोंड डावीकडे, वेढा पलीकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच बाजूने, हे करताना मला दिसायला लागलं की कुठली माशी वेगळी आहे. आधी मी आत्याच्या माशीसारखी आपली करायला बघायचे. आता माझ्या दुसऱ्या माशीसारखी तिसरी करत होते. मंगळवारी मी स्वतःच पातं घेतलं आणि दोन खरवडल्या.

"का?" आत्याने विचारलं.

"पीस एक वेढा जास्त झालंय. मान जाड दिसते."

तिने "हं" म्हटलं. पण हा दुसरा "हं" होता.

बुधवारी चाळीस झाल्या. आत्याने भिंगाखाली चाळीसही घातल्या. मग प्रत्येकीला दोरी बांधून पाण्याच्या वाटीत बुडवली आणि पक्कडीने झटका दिला. हे तिने आधी कधी केलं नव्हतं. एकही सुटली नाही. तरी चार तिने बाजूला काढल्या आणि खरवडल्या.

"या का?"

"मला नाही आवडल्या," ती म्हणाली. "एवढा हक्क आहे ना मला?"

गाईडकाका छत्तीस घेऊन गेले. डबी बंद करताना म्हणाले, "भिंगरे, उद्या माझी अब्रू तुझ्या गाठीला बांधलीय."

गुरुवारी मला शाळा होती. कोण म्हणतं काळ सारखा जातो? गणिताचा तास एका माणसाच्या आयुष्याइतका होता. बाईंनी मला फळ्यावर बोलावलं आणि मी उदाहरण बरोबर सोडवलं, पण उत्तराखाली रेघ मारताना डावीकडे वळून पलीकडे नेली, असं माझी मैत्रीण म्हणते. मला आठवत नाही.

दुकानात पोचले तेव्हा दाराशी गाईडकाकांचे ओले बूट होते. बाहेर. काढलेले. मी तिथेच अर्धी गार झाले आणि अर्धी उडाले.

आत ते काउंटरवर टेकले होते. त्यांच्या टोपीच्या कडेला एक राखाडी माशी टोचलेली होती. होती म्हणजे उरली होती. अंग दातांनी कुरतडलेलं, तार एका जागी तुटलेली, पीस जवळजवळ संपलेलं. मानेवरची गाठ मात्र जशीच्या तशी.

"अकरा," ते म्हणाले. "एका माशीवर अकरा. पाहुण्याला मी मागे टाक, थांब, पुढे सोड, हे शिकवत होतो आणि तो थांबायलाच तयार नाही, इतके मासे येत होते. बारावा निसटला तो त्याच्याच चुकीने. माशी बिचारी शेवटपर्यंत होती."

"किती सुटल्या?" मी विचारलं.

"एक झाडात गेली, एक पाहुण्याच्या कोटात. सुटली एकही नाही."

आत्याने ट्रेचं काचेचं झाकण उघडलं आणि खालच्या ओळीतला शेवटचा कप्पा रिकामा केला. त्यात कसल्या तरी जुन्या पिवळ्या माश्या होत्या, ज्या कोणी घेत नव्हतं. मग मला कागदाची पट्टी आणि पेन दिलं.

"नाव लिही. ही माझ्या राखाडीच्या कप्प्यात नाही जायची. गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे कोणाची घेतली."

"काय लिहू?"

"डावी राखाडी."

"आत्या! डावी म्हणजे लोक म्हणतील कमी प्रतीची!"

"मग त्यांना उजवी करून दाखव."

मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. पुन्हा लिहू का विचारलं तर ती म्हणाली, "कागद वाया घालवू नकोस."

गाईडकाका तोवर टोपी हातात घेऊन थांबले होते. "ताई, पुढच्या आठवड्यात चार जण येतायत. अशाच अजून दोन डझन लागतील. बुधवारपर्यंत होतील ना?"

आत्याने ट्रेचं झाकण बंद केलं. "मला कशाला विचारता? तिला विचारा."

ते माझ्याकडे वळले. त्यांचा हात दोरी टाकल्यासारखा हलला आणि मधेच थांबला. "काय गं भिंगरे? बुधवारी?"

मला हो म्हणायचं होतं. उड्या मारून हो म्हणायचं होतं. पण मी आत जाऊन पिसांचा ड्रॉवर उघडून पाहिला, चांगली कडक पिसं किती उरलीत ते मोजलं, आणि परत बाहेर आले.

"बुधवारी नाही होणार. बुधवारी भूगोलाची चाचणी आहे," मी म्हणाले. "शुक्रवारी या. शाळा सुटल्यावर."

गाईडकाकांनी आत्याकडे पाहिलं.

"शुक्रवार म्हणाली ना ती," आत्या म्हणाली. "मग शुक्रवार."